गर्दींतील एक

गुन्ह्यांच्या शोधाच्या ज्या मालिका आमचे विद्यार्थी घरीं आवडीनें पाहतात, त्यांत ‘सी. आय. डी.’ ही अग्रगण्य होय. १९९८ च्या जानेवारींत ती सुरू झाली, वीस वर्षें चालून २०१८ सालीं थांबली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हां अवतरली. तींतील प्रद्युम्न, दया व अभिजित हीं नांवें पांचवींतल्या मुलासही पाठ आहेत; त्याच मुलास सनावळी कां पाठ होत नाहीं, हा प्रश्न निराळा. परंतु प्रेत सांपडल्यावर जे दहापांच लोक भोंवतीं जमतात, पंचनामा चालूं असतां जो शिपाई दाराशीं उभा असतो, रुग्णालयांत जी परिचारिका तबक घेऊन पुढून जाते, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक असतात? या मंडळींस त्या धंद्यांत ‘ज्युनियर आर्टिस्ट’ म्हणतात. त्यांच्याविषयीं लिहावें असें वाटण्याचें कारण एवढेंच कीं, ‘मालिकेसाठीं मुलें पाहिजेत’ अशा जाहिराती हल्लीं हिंजवडींतील पालकांच्या मोबाइलवर येऊं लागल्या आहेत, आणि त्यांच्या मागोमाग रजेचे अर्ज आमच्या मेजावर.

हें काम असतें तरी कसें? पहांटे बोलावणें येतें. मग अर्धा दिवस नुसतें बसून राहावें लागतें. अखेर हांक आली, कीं खांबापासून दारापर्यंत चालावयाचें. शेजाऱ्याशीं बोलल्यासारखें ओंठ हलवावयाचे, पण शब्द निघतां कामा नये, कारण त्या वेळीं मुख्य नटांचीं भाषणें ध्वनिमुद्रित होत असतात. कॅमेऱ्याकडे पाहावयाचें नाहीं. नंतर तोच प्रसंग दुसऱ्या बाजूनें टिपावयाचा असतो, म्हणून तेंच चालणें पुन्हां. त्याच शब्दावर निघून, त्याच गतीनें, पिशवी त्याच हातांत धरून. पिशवीनें हात बदलला, तर पुढें जोडणी करतांना दोन तुकडे जुळत नाहींत. ‘सी. आय. डी.’नें २००४ सालीं १११ मिनिटांचा एक भाग कोठेंही न थांबतां, सलग एकाच चित्रणांत घेतला. तेथें तर जोडणीच नव्हती. शेवटच्या मिनिटास कोणी भलतीकडून आला असता, तर सर्वांचे श्रम वायां जाते. मग तो प्रद्युम्न असो कीं वाटेनें जाणारा माणूस असो. एवढें करून पडद्यावर दिसतो तो कोणाचा खांदा, कोणाची पाठ.

‘गर्दींत उभें राहण्याचे कसले पैसे?’ असें एका सुशिक्षित गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. हिंजवडीच्या चौकांत रोज सकाळीं फुकट गर्दी करणाऱ्या गृहस्थांनीं हें विचारावें, याची आम्हांस मौज वाटली. वस्तुतः मागचीं माणसें नसतील, तर पुढच्यांची कथा खरी वाटत नाहीं. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि १९३६ सालीं तिनें आपल्या शेजारच्या देहूची कथा ‘संत तुकाराम’ या चित्रपटांत दाखविली. त्यांतील गांवकरी काढून टाकले, तर तुकोबांचे अभंग ऐकावयाचे कोणीं? आमच्या मतें हें काम म्हणजे मजुरी आहे, कष्टाची व स्वच्छ मजुरी, आणि त्या मजुरीचा मान इतर कोणत्याही मजुरीइतकाच आहे. मालिकेच्या अखेरीस जी नामावळी झरझर सरकत जाते, तींत यांनाही एक ओळ मिळावी, असें आम्हांस मनापासून वाटतें.

परंतु मजुरी म्हटली, कीं मुलांची गोष्ट वेगळी झाली. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली, व चौदा वर्षांखालील मुलांस अशा मालिकांत काम करण्याची मुभा राहिली. मात्र शाळेच्या शिक्षणास बाध येतां कामा नये, ही अट तिच्याबरोबरच आली. २०१७ च्या नियमांप्रमाणें अशा मुलाकडून दिवसांतून पांच तासांहून अधिक, आणि विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं. सलग सत्तावीस दिवसांपलीकडे त्यास कामावर ठेवतां येत नाहीं. पांच मुलांमागें एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मिळकतीपैकीं निदान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेंत मुलाच्याच नांवें मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. शिवाय मुलाची इच्छा नसतां त्यास उभें करतां येत नाहीं. ही गोष्ट कांहीं मातापितरांनीं दोनदां वाचावी. आणि कथा खुनाची असेल, तर तो रंग आहे, रक्त नव्हे, हें आठ वर्षांच्या मुलीस आधीं घरीं समजावून सांगणारें कोणी आहे काय?

नांवनोंदणीसाठीं किंवा छायाचित्रें काढण्यासाठीं आगाऊ रक्कम मागणाऱ्यांविषयीं फार लिहीत नाहीं. काम करवून घेणारा मजुरी देत असतो. जो आधीं मागतो, त्याच्याकडे काम नसतें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

मोठ्या वर्गांतील जे विद्यार्थी या वाटेनें पुढें नट होण्याचीं स्वप्नें पाहतात, त्यांस आम्ही हंसत नाहीं. प्रद्युम्नाची भूमिका करणारे श्री. शिवाजी साटम हे आधीं सेंट्रल बँकेंत नोकरीस होते. मात्र एक दिवस गर्दींत उभें राहिल्यानें दुसऱ्या दिवशीं कोणी ओळखूं लागतो, असा समज करून घेऊन गणिताची वही मिटूं नये.

म्हणून चौदा वर्षांखालील मुलांच्या अर्जासोबत पालकांनीं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत जोडावी. ती काढण्याचें काम निर्मात्याचें आहे; पालकांनीं ती त्याच्याकडून मागून घ्यावी. तो टाळाटाळ करूं लागला, तर अर्ज लिहिण्याचे श्रमही घेऊं नयेत. आणि परीक्षेच्या महिन्यांत आमची सही कोणासही मिळणार नाहीं.