दंगल, पोलीस आणि तुमचा फोन: एका फॉरवर्डमुळे बंदोबस्त कमी कसा पडतो?

दंगल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात दगड, जळणारी वाहनं, हेल्मेट घातलेले पोलीस. पण हल्ली दगड हातात येण्याआधी मोबाईलवर काहीतरी आलेलं असतं. एखादा फोटो, कुणाचं तरी स्टेटस किंवा अर्धवट व्हिडिओ. पोलिसांची तयारी कमी पडते ती बहुतेकदा याच मधल्या वेळात. म्हणून हा विषय फक्त पोलिसांचा नाही, टेक्नॉलॉजीचाही आहे.

पुण्यात काय झालं होतं?

३१ मे २०१४. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याबद्दलचा आक्षेपार्ह मजकूर फेसबुकवर पसरला. बघता बघता शहरात लोक रस्त्यावर आले आणि पीएमपीच्या बसगाड्या फुटल्या. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये जमावाने आयटीत काम करणाऱ्या एका तरुणाला मारहाण करून ठार केलं. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. या खटल्यातले आरोपी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयातून निर्दोष सुटले.

लक्षात घ्या, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात फोरजी नव्हतं. आज तोच मजकूर किती वेळात कुठे पोहोचेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग पोलीस तयार का नसतात?

तयारी असते, पण ती घटनास्थळी पोहोचायला वेळ लागतो. दंगल नियंत्रण पथकाकडे हेल्मेट, पारदर्शक ढाल, छाती-खांद्यांचं संरक्षक कवच आणि अश्रुधूर असतो. पुण्यात रामटेकडीला राज्य राखीव पोलीस दलाचे गटही आहेत. पण चौकात सगळ्यात आधी पोहोचतात ते जवळच्या पोलीस ठाण्यातले चार-दोन कर्मचारी. साध्या गणवेशात, हातात काठी, खांद्याला वायरलेस. कुमक येईपर्यंत शंभर जणांसमोर तेच उभे असतात.

त्यात पोलिसांना क्रमाने जावं लागतं. आधी लाऊडस्पीकरवर इशारा, मग गरजेपुरतं बळ, आणि गोळीबार अगदी शेवटी. हा नियम योग्यच आहे, कारण समोर नागरिक असतात. पण जमावाला असा कुठलाही क्रम पाळायचा नसतो.

नागपूर आणि आझाद मैदान

१७ मार्च २०२५ ला नागपुरात धार्मिक मजकूर जाळल्याची अफवा पसरली आणि संध्याकाळनंतर महाल भागात हिंसाचार झाला. पोलीस उपायुक्त निकेतन कदम यांच्यावर कुऱ्हाडीने हल्ला झाला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की ३३ पोलीस जखमी झाले आणि त्यात तीन उपायुक्त होते. म्हणजे फक्त शिपाईच नाही, बंदोबस्ताचं नेतृत्व करणारे अधिकारीही जखमी होत होते.

त्याआधी ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईच्या आझाद मैदानावर असंच घडलं. आसाम आणि म्यानमारमधले म्हणून खोटे फोटो फिरले होते. पोलिसांची वाहनं पेटवली गेली, शस्त्रं हिसकावली गेली, महिला पोलिसांशी गैरवर्तन झालं.

दोन्ही ठिकाणी जमाव पेटला तो खोट्या माहितीवर.

व्हॉट्सॲपने काही केलं नाही का?

केलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

पण पळवाट आहे. स्क्रीनशॉट काढून पाठवला की तो नवा फोटो ठरतो आणि बाणाची खूण गायब होते. शिवाय मेसेज एन्क्रिप्टेड असल्यामुळे पोलिसांना ग्रुपमध्ये डोकावता येत नाही. कुणीतरी कळवलं तरच त्यांना समजतं.

इंटरनेट बंद केलं की प्रश्न सुटतो?

७ जून २०२३ ला कोल्हापुरात एका स्टेटसवरून तणाव झाला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. यामुळे अफवेचा वेग कमी होतो, हे खरं. पण खरी माहिती, पोलिसांचं आवाहन आणि ऑनलाइन पेमेंटही सोबतच थांबतं. म्हणूनच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते गरजेपुरतेच असावेत. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

व्हिडिओ काढायचा की नाही?

पोलिसांचं काम सार्वजनिक ठिकाणी रेकॉर्ड करणं म्हणजे आपोआप गुन्हा नाही. लाठीमार अवाजवी झाला असेल तर तोच पुरावा ठरतो. बॉडी कॅमेरा याच कारणासाठी दोन्ही बाजूंच्या कामाचा आहे: पोलिसाने काय केलं तेही दिसतं आणि त्याच्यावर कुणी हल्ला केला तेही. पण तुकडी कुठे उभी आहे, कुठल्या गल्लीतून येतेय, हे लाईव्ह दाखवणं वेगळं. हल्लेखोरांना तो आयता नकाशा मिळतो. रेकॉर्ड करा, पण त्या क्षणी लाईव्ह जाऊ नका.

तुम्ही काय करू शकता?

- भडकवणारा मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका. 'खरं आहे का?' असं विचारण्यासाठीही दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका, तोही प्रसारच असतो.
- फोटो गुगल लेन्सवर टाकून पाहा. जुना किंवा दुसऱ्या देशातला असेल तर अनेकदा लगेच कळतं.
- तुमच्या भागात जमाव जमतोय असं दिसलं तर ११२ ला फोन करा आणि नेमकी जागा सांगा.
- ग्रुप ॲडमिन असाल तर तणावाच्या दिवशी 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' हे सेटिंग चालू करा.
- खोटी माहिती पसरवून समाजात तेढ निर्माण केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' एवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

ढाल आणि हेल्मेट दगड अडवतात. पण पहिल्या चार पोलिसांना खरी गरज असते ती कुमक पोहोचेपर्यंतच्या वेळेची. तुमच्या ग्रुपवर थांबलेला एक मेसेज त्यांना तो वेळ मिळवून देतो.