हार पुरे, समितीचं बोला!

दर 8 मार्चला 'पहिल्या महिलां'चा तक्ता लागतो. पहिली वैमानिक, पहिली डॉक्टर, पहिली न्यायमूर्ती. हार घातला की झालं! माझा या हारांवर राग आहे.

न्या. सुजाता मनोहर यांचंच घ्या. मुंबई उच्च न्यायालय 1862 चं, आणि तिथे पहिली स्त्री न्यायाधीश म्हणून त्या आल्या 1978 साली. 116 वर्षं बायकांच्या पोटगीचा, बलात्काराचा निवाडा तिथे फक्त पुरुषांनी केला! 1994 साली त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वडील मुख्य न्यायमूर्ती, शिक्षण ऑक्सफर्डचं. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या लेकीला ही वाट मोकळी नव्हती, हेही बोललं पाहिजे.

तरी त्यांच्या कामाचं मोल आहेच. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवीवर 1992 साली सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. महिला संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. 13 ऑगस्ट 1997 चा विशाखा निकाल न्या. वर्मांनी लिहिला; तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर न्या. मनोहर होत्या. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध कायदाच नव्हता, तर न्यायालयाने नियम घालून दिले. संसदेला जाग आली 2013 साली!

खुर्चीवर बाई बसली की न्याय झाला, असंही नाही. बुलढाणा ज्या नागपूर खंडपीठाखाली येतो, तिथूनच जानेवारी 2021 मध्ये एका स्त्री न्यायमूर्तींचा निकाल आला – कपड्यावरून मुलीची छाती दाबणं हा पोक्सोखाली लैंगिक हल्ला नाही! नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मैत्रिणींनो, मग हाती काय उरतं? 2013 चा कायदा. शेतमजूर बाई, मोलकरीण, दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानातली पोरगी, यांच्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती हवी, तालुक्याला नोडल अधिकारी हवा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची. मी बचत गटांत विचारते, मालकाने हात धरला तर कुठे जाल? बायका सरपंचाचं नाव घेतात, पोलिसांचं घेतात. समितीचं एकही नाही.

येत्या 8 मार्चला जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतल्या गटांनी लेखी अर्ज द्यावा : समितीवर कोण, तालुक्यातली कष्टकरी बाई त्यात आहे का, फोन कोणता? उत्तर आलं की ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.