कुरजांची पाठवणी

मार्चचे पहिले दिवस. राजस्थानातल्या खीचन गावात पहाटे अजून अंगावर शाल लागते. पक्षी पाहायला आलेली मंडळी उजाडण्याआधीच जवळच्या घरांच्या गच्चीवर जाऊन बसतात. समोर कुंपण घातलेले मैदान आणि त्यात पसरलेले धान्य. या जागेला इथे ‘चुग्गाघर’ म्हणतात.

थोड्याच वेळात दुरून कलकलाट ऐकू येतो आणि आकाशात रांगा दिसू लागतात. पक्षी आधी घिरट्या घालतात, बाहेरच्या वाळूवर उतरून अंदाज घेतात आणि मग गटागटाने आत शिरतात. राखाडी अंग, काळी मान, लाल डोळे आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुपका. क्रौंच कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, वजन जेमतेम दोन-तीन किलो. मराठीत त्याला कांड्या करकोचा म्हणतात, राजस्थानात कुरजा. दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोचव, अशी विनवणी तिथल्या लोकगीतांतल्या बायका या कुरजेलाच करतात.

1970च्या दशकात इथल्या जैन कुटुंबांनी पक्ष्यांना दाणे टाकायला सुरुवात केली. तेव्हा मोजक्या कुरजा यायच्या, आता त्या हजारोंनी येतात. दाणे टिपून झाले की त्या विजयसागर तलाव आणि रातडी नाडी या पाणवठ्यांवर जातात. या दोन पाणवठ्यांमुळेच जून 2025मध्ये खीचनला ‘रामसर स्थळ’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

वसंतातली खरी गंमत मात्र दुपारी असते. ऊन तापले की वाळूवरची गरम हवा वर चढते. तिच्यावर पंख पसरून कुरजा गोल गोल फिरत उंच जातात, ठिपक्याएवढ्या होतात. काही परत खाली उतरतात, काही उतरत नाहीत. त्यांना गाठायचा असतो मध्य आशिया आणि मंगोलियातला गवताळ मुलूख. घरटी तिकडेच. सोबत गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लेही असतात. येताना हिमालय ओलांडणाऱ्या कुरजा परतताना पश्चिमेकडून वळसा घेऊन जातात, असे उपग्रहाच्या मदतीने केलेल्या अभ्यासातून दिसून आले आहे.

एवढा पल्ला गाठणाऱ्या या पक्ष्याचा घात कधीकधी गावाच्या वेशीवरच होतो. विजेच्या तारांना धडकून कुरजा मेल्या आहेत. म्हणूनच तारा जमिनीखालून न्याव्यात, अशी गावकऱ्यांची मागणी राहिली आहे. पोटभर दाणे घालून भागत नाही, जाण्यायेण्याची वाटही मोकळी हवी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

खीचनला जायचे तर जोधपूरहून फलोदी गाठावे, तिथून गाव चार-पाच किलोमीटरवर आहे. दुर्बीण जरूर न्यावी. भडक कपडे, आरडाओरडा आणि पक्ष्यांच्या अगदी जवळ जाण्याचा मोह टाळावा. मुलांना तर हे आधीच सांगून ठेवावे.

निघण्याचा मुहूर्त कुरजा कुणाला सांगत नाहीत. मार्च सरता सरता एका सकाळी चुग्गाघरात फक्त कबुतरे उरतात आणि पाठवणी झाल्याचे गावाला कळते. लेकी सासरी गेल्यावर अंगण जसे ओके ओके वाटते, तसेच. मग भाद्रपदापर्यंत वाट पाहायची.