‘अप’ म्हणजे नेहमीं ‘वर’ काय?

मागें एकदां इंग्रजीच्या तासास एका मुलानें ‘ही गेव्ह अप’ या वाक्याचें भाषांतर ‘त्यानें वर दिला’ असें केलें. पुराणांतील देव भक्तांस देत असत तसा वर! सारा वर्ग हंसला. तो मुलगा मात्र पुढें कित्येक दिवस वर्गांत तोंड उघडीना. विचार करतां ध्यानांत आलें कीं, दोष माझा होता. ‘अप म्हणजे वर’ हें मींच त्याच्याकडून घोकून घेतलें होतें.

अखेर एके दिवशीं त्यानेंच मला विचारलें, “सर, डाऊन गाडी घाट चढते ती कशी?” प्रश्न मार्मिक होता. रात्रीं सोलापुराहून मुंबईस निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस ही ‘अप’ गाडी, व मुंबईहून येणारी ती ‘डाऊन’. आतां सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट उंच, आणि मुंबई समुद्रकांठीं. म्हणजे अप गाडी बोरघाट उतरून खालीं जाते, आणि डाऊन गाडी तोच घाट सुमारें १८०० फूट चढून वर येते! आपण देशावरचे लोक जमिनीचा चढउतार पाहून ‘कोंकणांत उतरलों’, ‘घाटावर आलों’ असें म्हणतों. रेल्वेची रीत निराळी. ती इंग्लंडांतून आली. तेथें लंडनकडे जाणारी गाडी ती ‘अप’, मग वाट चढाची असो वा उताराची. सोलापुरास आगगाडी १८६० सालीं आली, आणि रेल्वेच्या कारभाराबरोबर हे शब्दही इकडे रुजले. येथें ‘अप’ म्हणजे उंचीकडे नव्हे, मुख्य ठिकाणाकडे.

क्रियापदाशीं जोडला गेला म्हणजे हाच शब्द आणखी निराळा होतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक. ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाक. क्रिया पुरी झाल्याचें सांगण्याचें जें काम तेथें ‘अप’ करतो, तेंच आपल्याकडे ‘टाकणें’ करतें. ‘भाकरी खाऊन टाक’ असें आई म्हणते तेव्हां कोणी भाकरी फेकून देत नाहीं. त्याचप्रमाणें ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. तेथें ‘वर’ शोधूं नये.

म्हणून माझें मत असें आहे कीं, सुटे शब्दार्थ घोकण्याची चाल आपण सर्वांनींच सोडावी. विद्यार्थ्यांनीं वहींत नुसता शब्द न लिहितां, तो ज्या वाक्यांत आढळला तें सबंध वाक्य लिहावें. पालकांस विनंती ही कीं, ‘या शब्दाचा अर्थ काय?’ एवढेंच न विचारतां, त्या वाक्याचा भावार्थ मुलाकडून सरळ मराठींत वदवून घ्यावा. इंग्रजी न जाणणाऱ्या मातेसही हें करतां येईल, कारण मराठी नीट जुळली कीं नाहीं हें तिच्या कानास तत्काळ कळतें. आणि मूल चुकलें तर त्यास हंसूं नये. हंसण्याच्या भीतीनें जो मुलगा गप्प बसतो, त्याचा पुढचा प्रश्न आपणांस कधींच ऐकूं येत नाहीं.