पंपाआधी गेज

सकाळी चेन लोडर भरलेली बकेट सहज उचलतो आणि दुपारी ऊन चढलं की तीच बकेट अर्ध्यावर रेंगाळते. इंजिनाचा जोर तोच असतो, लिव्हर पूर्ण ओढलेला असतो, तरी बूम चढत नाही. मग खाणीवर किंवा वीटभट्टीवर पहिला निवाडा येतो तो ‘पंप गेला’ हाच. पंप उतरतो, नवा किंवा रिकंडिशन केलेला बसतो, मालक भलंमोठं बिल भरतो. काही दिवस बरे जातात आणि बूम पुन्हा दुपारी दमायला लागतो. जुन्या यंत्रांवर हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही चुकतं आहे असंही कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचंच नव्हे, तर मालकावर अन्याय करणारंही वाटतं. प्रेशर गेज लावल्याशिवाय जुन्या लोडरचा पंप खोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामागची कारणं सविस्तर मांडण्यासारखी आहेत.

आधी यंत्र कोणतं ते पाहू. कॅटरपिलरने 1951 मध्ये मिलवॉकीची ट्रॅक्सन ही कंपनी विकत घेतली आणि 1955 मध्ये 955 हा लोडर बाजारात आणला. पुढे सुधारणा होत होत 955 एलपर्यंत ही मालिका चालली. या पिढीच्या लोडरमध्ये हायड्रॉलिक तेलाला मुख्य कामं दोनच, बूम उचलणं आणि बकेट वळवणं. चेन फिरते ती गिअरबॉक्समधून, आणि त्याचं तेल, त्याचा पंप वेगळा. चेनसुद्धा हायड्रॉलिक मोटरवर चालवणारा 973 कॅटरपिलरने 1981 मध्ये आणला. म्हणजे 955सारख्या यंत्रात टाकी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि दोन जोड्या जॅक एवढाच मुख्य संसार आहे. इतक्या थोडक्या भागांत बिघाड शोधायला अंदाजाची गरज का पडावी? बूम आणि बकेट दोन्ही सुस्त असतील तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे तेल, सक्शन, पंप किंवा मुख्य रिलीफमध्ये. एकच सुस्त असेल तर दोष त्याच्या जॅकमध्ये, त्याच्या स्पूलमध्ये किंवा त्याच्या लाइनीतल्या छोट्या रिलीफमध्ये. हे कळायला पानाही लागत नाही, दोन लिव्हर आळीपाळीने ओढून पाहिले की पुरे. आणि एकच लिव्हर सुस्त असताना पंप उतरवणाऱ्याला पुढचं काही विचारायचीही गरज नाही.

गैरसमजाचं मूळ असं की पंप प्रेशर तयार करतो, असं आपण धरून चालतो. पंप तेल फक्त ढकलतो. ढकललेल्या तेलाला वाटेत अडथळा आला की प्रेशर होतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच हे. म्हणून ‘प्रेशर येत नाही’ या तक्रारीचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक तर पुरेसं तेल पुढे जात नाही, नाही तर गेलेलं तेल जॅकमध्ये पोचण्याआधीच कुठून तरी टाकीत परततं. लक्षण दोन्हीकडे तेच, उपाय मात्र निराळे. हा फरक गेज किती सरळ दाखवतो ते पाहा. तेल कामाच्या तापमानाला आलं की बकेट पूर्ण मागे वळवून लिव्हर क्षणभर धरायचा आणि काटा वाचायचा. काटा मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खाली राहिला तर इंजिनाचा वेग कमी-जास्त करून पुन्हा वाचायचा. वेग वाढवला तरी काटा त्याच आकड्याला चिकटून राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे. वेगाबरोबर काटाही चढत गेला, तर तेल कुठून तरी आतल्या आत गळतं आहे आणि पंप जास्त तेल ढकलून ती गळती भरून काढतो आहे. काटा बरोबर आकड्यावर पोचला, तरी बूम सावकाशच, तर प्रेशर ठीक आहे आणि तेलाचा प्रवाह कमी आहे. रिलीफमध्ये अडकलेला कचरा, मोडलेली स्प्रिंग, झिजलेला पंप यांतला फरक लोडरशेजारी उभं राहून कानाने किंवा नजरेने कळत नाही.

सकाळ-दुपारचा फरकही याच हिशेबात बसतो. 68 नंबरच्या तेलाचा दाटपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतो, 100 अंशांना तो आठ-नवापर्यंत उतरतो. थंड तेल झिजलेल्या फटीतून सहज निसटत नाही, पातळ झालेलं निसटतं. म्हणून गरम झाल्यावरच सुस्ती येणं ही आतल्या गळतीची खूण, आणि उलट, थंडीत सुरू करताना कर्कश रडणं आणि गरम झाल्यावर ते थांबणं ही बहुधा सक्शन अडल्याची. पण तेल एवढं गरम का झालं, हाही प्रश्न आहेच. मिनिटाला 150 लिटर तेल 140 बारला रिलीफवरून परतत असेल, तर तेवढ्या वेळात 35 किलोवॉट उष्णता तेलात उतरते. बकेट शेवटाला टेकली तरी लिव्हर धरून ठेवणारा ऑपरेटर नेमकं हेच करत असतो. विदर्भात मे महिन्यात हवाच 45 अंशांवर असते, तिथे तेल 80च्या पुढे जायला फार वेळ लागत नाही, आणि त्यापुढे सील कडक होऊ लागतात, तेलही लवकर खराब होतं. अशा लोडरवर नवा पंप बसवला तर तोही त्याच उकळत्या, पातळ तेलात काम करणार.

सक्शनची बाजू सगळ्यात दुर्लक्षित आणि जुन्या यंत्रात सगळ्यात दगाबाज, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो. टाकीपासून पंपापर्यंतच्या होजमध्ये प्रेशर नसतं, उलट ओढ असते. त्यामुळे तिथलं ओ-रिंग कडक झालं, क्लॅम्प ढिला पडला, तर चालू यंत्रात तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेर सगळं कोरडं दिसतं, म्हणून तिथे कुणी पाहत नाही. टाकीतल्या तेलावर फेस येतो, बूम धक्के खात चढतो, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. आवाज तसा न येता एकसुरी, टोचणारा येत असेल, तर हवा शिरत नसून तेलच पुरेसं पोचत नाही. टाकीतली जाळी तुंबली आहे, ब्रीदर बंद आहे, किंवा सक्शन होजचं आतलं अस्तर सुटलं आहे. हा शेवटचा दोष वर्षानुवर्षं चाललेल्या यंत्रात नक्की तपासावा. होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतला रबराचा थर मात्र सुटलेला असतो आणि गरम झाल्यावर ओढीने आत येऊन वाट अडवतो. हवेची शंका असेल तर सांध्यावर बोटभर ग्रीस थापावं. आवाज बदलला की सांधा सापडला. यातलं काहीही न पाहता पंप बदलला, तर नवा पंपही हवा खात किंवा उपाशी फिरतो आणि जुन्यासारखाच झिजतो.

जॅकबद्दल असाच एक पक्का समज आहे. उचललेला बूम इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसला की ‘पॅकिंग गेलं’ म्हणतात आणि सील किट मागवतात. चेन लोडरचा बूम जॅक खालून वर ढकलतो, म्हणजे भाराने रॉड आत जाऊ पाहतो. पिस्टनचं पॅकिंग पूर्ण खराब असलं, पण कंट्रोल व्हॉल्व्हने जॅकच्या दोन्ही वाटा घट्ट बंद ठेवल्या, तर आत शिरणाऱ्या रॉडला जागा द्यायला तेल कुठे जाणार? ते पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाईल, प्रेशर वाढेल आणि बूम किंचित दबून थांबेल. बूम बसतच राहिला, तर तेल जॅकच्या बाहेर जातं आहे, म्हणजे झिजलेला स्पूल किंवा गळणारा लाइन रिलीफ त्यात सामील आहे. फक्त किट घालून तो जॅक अनेकदा का सुधारत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. पॅकिंग खरंच गेलं आहे का हे वेगळं पाहता येतं. बूम पूर्ण वर नेऊन त्याला लोखंडी आधार द्यायचा, इंजिन बंद करून प्रेशर सोडायचं, रॉडच्या बाजूचा होज काढून त्याचं तोंड प्लगने बंद करायचं, मग कमी वेगावर लिव्हर उचलण्याकडे धरायचा आणि जॅकच्या उघड्या तोंडातून तेलाची धार येते का ते पाहायचं. आधाराशिवाय बूमखाली कुणीही जाऊ नये. लिव्हरला किंवा जॅकला भरवसा म्हणून धरायचं नसतं. आणि सूक्ष्म गळती शोधायला हात कधीच फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. सुईच्या भोकातून निघणारं तेल कातडी भेदून आत जातं, वरून टोचल्याएवढंच दिसतं. ती जखम शस्त्रक्रियेची असते, तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं लागतं.

यावर पहिला आक्षेप मिस्त्रींचा असतो, की आम्हाला आवाजावरून कळतं. कळतं, हे मी मान्य करतो. सक्शनचे वर सांगितलेले दोन आवाज अनुभवी मिस्त्री गेजशिवाय बरोबर ओळखतो. पण झिजलेला पंप आणि लवकर उघडणारा रिलीफ हे दोघेही शांतपणे तेल परत पाठवतात, तिथे कानाला पुरावा मिळत नाही. नेमक्या याच जागी काही जण रिलीफमध्ये शिम घालून ‘प्रेशर वाढवतात’. गेजशिवाय हे करणं मला धोकादायक वाटतं, कारण जुना होज आणि पंपाचं अंग किती सोसेल हे त्या शिमला माहीत नसतं. दुसरा आक्षेप वेळेचा आहे, की यंत्र उभं राहिलं की भाडं बुडतं. पण टेस्ट पॉइंट मोकळा असेल तर गेज लावून वाचणं हे थोड्या वेळाचं काम आहे, पंप उतरवून बसवण्यात दिवस जातात. गेज नसेल तर मोबाइलमधलं घड्याळ तरी आहे. ठरावीक वेगावर बूम जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात, हे थंड आणि गरम तेलावर मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडलं, तरी प्रवाहाचा अंदाज येतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. यंत्र चाळीस वर्षांचं, पंप झिजलेला असणारच, मग मोजायचं कशाला? झिजला असेल, हे खरं. पण किती? फ्लोमीटर लावून कमी प्रेशरवरचा आणि कामाच्या प्रेशरवरचा प्रवाह एकाच वेगावर मोजला तर दोन्हींतला फरक पंपाची आतली गळती सांगतो. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलांत सुमारे दहा टक्के घट ही रेघ दिसते. घट त्याच्या आत असेल, तर पंप अजून कामाचा आहे. बरीच पुढे असेल, तर पंप काढावा, पण तेव्हाही मोजण्याचा उपयोग संपत नाही. पंप झिजताना त्याचा धातू तेलात मिसळतो. साध्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही, आणि पंपातल्या फटी त्याहून लहान असतात. जुना फिल्टर कापून पाहिला नाही, टाकी धुतली नाही, जॅक आणि होजमधलं तेल काढलं नाही, तर नव्या पंपाच्या पोटात पहिल्या दिवसापासून जुन्या पंपाचा चुरा जातो.

भोसरीपासून नागपूरपर्यंत होज क्रिम्प करणारी आणि पंप रिकंडिशन करणारी दुकानं आहेत, तिथले कारागीर हाताने उत्तम काम करतात. मालकांनी त्यांच्याकडे एकच आग्रह धरावा. पंप उतरवण्याआधीचं रिलीफ प्रेशर, बूम वर जायला लागलेले सेकंद आणि त्या वेळचं तेलाचं तापमान कागदावर घ्यावं, नवा पंप बसल्यावर त्याच तापमानाला तेच पुन्हा मोजावं, आणि दोन्ही नोंदी बिलाला जोडून द्याव्यात. नोंदीत फरक दिसत नसेल, तर पंपाचे पैसे देण्याआधी दोष कुठे होता हे विचारायचा मालकाला पूर्ण हक्क आहे.