क्रिस्टा किंवा तत्सम

पहाटे पावणेपाचला कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या फाटकात आमची गाडी लागली. सात माणसांचं कुटुंब, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असा दोन मुक्कामांचा बेत. इनोव्हा क्रिस्टाचं बुकिंग पंधरा दिवस आधी ॲडव्हान्स देऊन केलेलं. फाटकात उभी होती अर्टिगा. ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता. पुसायला काही नव्हतं, पण अशा वेळी माणसाला कुठेतरी बघावं लागतं. घरातल्या आजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. त्यांनी वॉकर टेकत गाडीला एक चक्कर मारली, डिकी उघडायला लावली, आत नीट पाहून घेतलं आणि आवाज अजिबात न चढवता विचारलं, "आणि ह्याला कुठे बसवायचं?" ह्याला म्हणजे वॉकरला.

आजींच्या मुलाचा मला फोन आला. मी अंथरुणातूनच आपल्या धंद्यातलं ते ठरलेलं वाक्य बोललो, "साहेब, अर्टिगापण सेव्हन सीटरच आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "आम्ही सात आहोत. तुमचा ड्रायव्हर टपावर बसणार का?"

हे मी दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवत नाही. गाडी माझ्या ऑफिसनं पाठवली होती. कबूल केल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्या तोंडी सेव्हन सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून सात, गिऱ्हाईकाच्या मनात तो सोडून सात. बुकिंग घेताना आपण हे विचारत नाही आणि तो सांगत नाही. कायद्याची मोजणी मात्र चोख आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंतच्या गाडीला मोटर कॅब म्हणतो आणि सहाच्या वर बारापर्यंत मॅक्सी कॅब. म्हणजे सहा अधिक एकची क्रिस्टा एका वर्गात, सात अधिक एकची दुसऱ्या वर्गात, आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारख्या. आमच्या त्या गिऱ्हाईकानं सात अधिक एक मागितली होती. ऑफिसच्या वहीत नुसतं "क्रिस्टा" लिहिलं गेलं आणि रात्रीच्या धावपळीत त्याचं "क्रिस्टा किंवा अर्टिगा" झालं. सातवं माणूस मांडीवर घेऊन गाडी निघाली असती, तर आरसी बुकावर आहेत त्यापेक्षा जास्त डोकी गाडीत असती. अपघात झालाच तर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी तीच मोजतो.

ठरलेल्या वर्गाची गाडी ऐन वेळी जाते कुठे? कारणं आपल्याला पाठ आहेत. आदल्या भाड्याची गाडी कोल्हापूरहून परतलीच नाही, क्लच गेला, ड्रायव्हरच्या घरी काही झालं, पासिंगची तारीख उलटली. हे बाराही महिने चालतं. पण खरी टंचाई पंचांग बघून येते. तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्त सुरू होतात आणि मुहूर्त सगळ्या गावाचा एकच असतो. गणपतीला कोकण, नाताळात गोवा, मे महिन्यात सगळीकडे. त्यात निवडणूक आली की विचारायलाच नको. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १६०खाली निवडणुकीच्या कामाला गाड्या ताब्यात घेता येतात. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली, वऱ्हाडाच्या गाड्या सहा-सहा महिने आधी बुक झालेल्या आणि अधिग्रहणाची नोटीस हातात. त्या आठवड्यात वधूपक्षाशी बोलताना आवाज खाली आला नाही, असा ऑपरेटर मला तरी भेटला नाही.

दुसरं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक बुकिंगांच्या मागे स्वतःची गाडीच नसते. ड्यूटी आपण घेतो, ती व्हेंडरला देतो, व्हेंडर अ‍ॅटॅच गाडीवाल्याला देतो, आणि त्याच्याकडे जास्त पैशांची ड्यूटी आली की आपली ड्यूटी रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येऊन पडते: "उद्या ५ AM पुणे लोकल पिकअप ३ दिवस क्रिस्टा पाहिजे अर्जंट". हा मेसेज मी कित्येकदा टाकला आहे, तुम्हीही टाकला असेल. गंमत अशी की कधी कधी तो मेसेज फिरत फिरत ज्यानं पहिल्यांदा बुकिंग घेतलं त्याच्याच फोनवर परत येतो. दोन हजारांचा ॲडव्हान्स घेताना आपण गाडी राखून ठेवत नसतो, गाडी मिळेल ही आशा राखून ठेवत असतो.

परदेशात सेल्फ ड्राइव्हच्या धंद्यात हा घोळ वेगळ्या पद्धतीनं बांधून घेतला आहे. तिथे गिऱ्हाईक मॉडेल बुक करतच नाही, वर्ग बुक करतो. त्यासाठी ॲक्रिस या संघटनेची चार अक्षरांची सांकेतिक पद्धत आहे. पहिलं अक्षर गाडीचा आकार, दुसरं बांधणी, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि एसी. जाहिरातीत फोटो एका गाडीचा आणि खाली बारीक अक्षरात "किंवा तत्सम". त्या वर्गातली गाडी नसेल तर साधारण रिवाज असा की जादा पैसे न घेता वरच्या वर्गातली द्यायची, आणि खालची द्यावी लागली तर फरक परत करायचा. तरी काउंटरवर भांडणं होतातच. १९९१ साली अमेरिकेत 'साईनफेल्ड' या टीव्ही मालिकेच्या एका भागात हाच प्रसंग होता. राखून ठेवलेली मिडसाइझ गाडी काउंटरवर नाही आणि नायक कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतोय. इतकी वर्षं झाली तरी तो तुकडा लोक आजही एकमेकांना पाठवतात, त्याअर्थी हा अनुभव जुना झालेला नाही.

आपल्याकडे "तत्सम" हा शब्द कोटेशनमध्ये सर्रास शिरला, पण त्यामागची चार अक्षरं काही आली नाहीत. तत्सम म्हणजे कशात सारखी? आपण सीटं मोजतो. गिऱ्हाईक बॅगा मोजतं, गुडघे मोजतं, गाडी लागणाऱ्या पोराला खिडकी मिळेल का ते बघतं. अर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत उरते २०९ लिटर जागा, क्रिस्टात सुमारे ३००. लिटर राहू द्या, एक मोठी बॅग उभी करून बघा म्हणजे कळेल. आणि सेडानचं तर विचारूच नका. विमानतळावर जाणारं जोडपं दोन मोठ्या बॅगा आहेत म्हणून मुद्दाम हॅचबॅक सोडून सेडान बुक करतं. आपण सेडानच पाठवतो. वर्ग बरोबर, ड्यूटी स्लिप बरोबर, आणि डिकी उघडली की आत सीएनजीची टाकी पाय पसरून बसलेली. मग एक बॅग पुढच्या सीटवर, दुसरी काकूंच्या मांडीवर. कागदावर आपण काहीच चुकलेलो नसतो. माझ्या मते ही फसवणूक अर्टिगावाल्या फसवणुकीपेक्षा वाईट आहे, कारण तिची तक्रारसुद्धा नीट करता येत नाही.

अपग्रेड दिलं की आपण सुटलो, असंही समजायचं कारण नाही. क्रिस्टाऐवजी तेवढ्याच भाड्यात टेम्पो ट्रॅव्हलर पाठवली आणि वर "साहेब, मोठी गाडी दिलीय" असं ऐकवलं. ती ट्रॅव्हलर नारायण पेठेच्या बोळात शिरत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना चौकापर्यंत चालवत नेलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासूनच्या दरानं मोटारीला ३२० रुपये टोल, तर टेम्पोच्या वर्गाला ४९५. टोल पार्किंग गिऱ्हाईकाकडे, असं आपल्याच कोटेशनमध्ये छापलेलं. म्हणजे आपल्या अडचणीचा भुर्दंड त्यानं भरला आणि वर उपकारही मानायचे. मोठी गाडी आपल्या सोयीसाठी गेली असेल तर वाढीव टोल आपला, यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

आणि पांढऱ्या पाटीची गाडी. याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वाचणाऱ्याला सगळं माहीत आहे. पिवळी पाटी मिळाली नाही म्हणून मित्राची खाजगी गाडी भाड्यावर पाठवणं ही अडचणीतून काढलेली वाट नाही. परमिट नाही, विमा खाजगी वापराचा, आणि आत बसलेल्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. गोव्यात सेल्फ ड्राइव्हच्या बाबतीत नाताळच्या आठवड्यात हेच चालतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी बुक केलेल्याच्या हातात पांढऱ्या पाटीची किल्ली ठेवतात आणि "पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा" असं शिकवून पाठवतात. १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेतली किमान ५० गाड्यांची अट लहान माणसाला जाचक आहे, हे मलाही मान्य आहे. ती बदलून घ्यायला सरकारशी भांडू या. पण तोवर गिऱ्हाईकाला खोटं बोलायला शिकवण्याचा परवाना आपल्याला कुणी दिलेला नाही.

आता पैशाचं. विमानाचा वर्ग उतरवला तर काय करायचं, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं १५ फेब्रुवारी २०२३ पासून आकड्यांत बांधून दिलं आहे. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत आणि परदेश प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. फरक परत करा असं तो नियम म्हणत नाही. फरकापेक्षा पुष्कळ जास्त द्या म्हणतो, म्हणजे खाली उतरवणं विमान कंपनीच्या अंगावर येतं. आपल्यासाठी असा तक्ता कुणी केलेला नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सगळ्यांना लागू आहे, त्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या ऐसपैस आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी पडत नाही. आपल्या कोटेशनच्या तळाला "गाडी बदलण्याचा अधिकार राखून" असं छापलेलं असतं. त्या ओळीच्या जोरावर आयोगापुढे उभं राहावंसं ज्याला वाटतं, त्यानं आधी एखाद्या वकिलाला गाठावं.

त्या तुळजापूरच्या फेरीत आमच्या दरपत्रकाप्रमाणे क्रिस्टा २१ रुपये किलोमीटर होती, अर्टिगा १५. रोजचे कमीत कमी ३०० धरून तीन दिवसांचे ९००. फरक झाला ५,४०० रुपये. तो मी परत केला, पण त्यांनी मागितल्यावर, चार दिवसांनी, आणि "या वेळी सांभाळून घेतो" असं म्हणत. आपलेच पैसे मागायला लागले, ही गोष्ट त्या माणसाच्या जास्त लक्षात राहिली. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. आता वर्ग उतरला तर फरक गाडी निघायच्या आत गिऱ्हाईकाच्या खात्यावर जातो. त्याशिवाय काय द्यायचं, यावर आमच्या ऑफिसात दोन मतं आहेत. मी ड्रायव्हरचा भत्ता सोडून देतो. माझा भागीदार म्हणतो की त्यानं सवय लागते.

पण खरं सांगायचं तर पैसा दुसऱ्या नंबरावर आहे. त्या रात्री कोल्हापूरला क्लच गेल्याचं मला साडेनऊला कळलं होतं. साडेनऊ ते बारा मी फोन करत बसलो, शेवटी अर्टिगा मिळाली, आणि गिऱ्हाईकाला कळवलं नाही. "रात्री उगाच कशाला त्रास" अशी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. रात्री सांगितलं असतं तर त्यानं दुसरीकडे गाडी शोधली असती. पहाटे पावणेपाचला, बॅगा खाली आणल्यावर, डबे भरल्यावर, तो शोधणार कुठे? मी त्याला गाडीच्या आधी पर्याय नाकारला होता. साडेनऊला फोन केला असता तर त्यांनी दोन डिझायर मागितल्या असत्या, एक दिवस पुढे ढकललं असतं किंवा त्यांच्या मेव्हण्याची गाडी काढली असती. मेव्हणा कोथरूडमध्येच राहत होता, हे मला नंतर कळलं.

म्हणून आता आमच्याकडे संध्याकाळी सातला दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक ड्यूटीला गाडीचा नंबर पडतो. व्हेंडरचं "मिळेल साहेब" चालत नाही, नंबर लागतो, आणि शेजारी किती अधिक एक, कॅरियर आहे का, सीएनजी आहे का, हेही लिहावं लागतं. ज्या ड्यूटीपुढची जागा रिकामी राहते, तिच्या गिऱ्हाईकाला साडेसातला फोन जातो. तो फोन ऑफिसातल्या मुलाला करायला लावत नाही, मीच करतो. या फोनमुळे वर्षात काही ड्यूट्या हातच्या गेल्या, हे लपवत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. सकाळी सहाचं महाबळेश्वर, सहा माणसं, क्रिस्टा, आणि संध्याकाळी गाडीचा इंजेक्टर गेला. साडेसातला फोन लावला. अर्टिगा आहे, फरक इतका होतो, नको असेल तर ॲडव्हान्स आत्ता परत करतो, आणि दुसऱ्या एका ऑपरेटरकडे क्रिस्टा मोकळी आहे, त्याचा नंबर देतो, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडचे गृहस्थ चांगली चार मिनिटं बोलले. त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नाही. मग दम घेऊन म्हणाले, "बरं, अर्टिगाला कॅरियर आहे का?"

म्हटलं, आहे. ताडपत्रीपण देतो.