चमच्यावरून ओतलेलं कल्चर

17 मार्च आला की पुण्या-मुंबईच्या पबांत हिरवे फुगे लागतात आणि इन्स्टावर तोच रील फिरतो. ग्लासात आधी फिकी बिअर, मग उलट्या चमच्यावरून हळूहळू गिनेस. वर काळं, खाली सोनेरी, मध्ये एक रेघ. गंमत खरंच आहे. गिनेस दिसते जड, पण असते हलकी, म्हणून वर राहते. चमचा फक्त धार मोडतो. त्यावर माझा राग नाही. राग आहे खाली लिहिलेल्या ‘कल्चर’ या हॅशटॅगवर.

या पेयाला ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. 1920 मध्ये आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा चिरडायला ब्रिटिशांनी जी माणसं पाठवली, त्यांनाही लोक ब्लॅक अँड टॅन्सच म्हणत. त्यांनी बालब्रिगन गाव जाळलं. पेयाचं नाव त्याहून जुनं आहे, पण डब्लिनमध्ये ते मागून बघा. आणि ज्यांचा हा सण, त्यांच्याकडे 1960च्या आसपासपर्यंत या दिवशी पब कायद्यानेच बंद असत!

मी नंदुरबारचा. आमच्याकडे याच सुमारास होळी असते. अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी म्हणजे उंच बांबू, रात्रभर ढोल, अंगाला रंग फासून मोरपिसांचे टोप घातलेले नवसाचे बुध्या, आणि पहाटे पेटणारी आग. मोहाची फुलंही तेव्हाच पडू लागतात. बायापोरं उजाडायच्या आत ती वेचतात. फुलं वाळवतात, खातात, विकतात, आणि हो, त्यांची दारूही काढतात. ती देवाला वाहिल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही.

तिची बातमी मात्र एकाच साच्यात येते: ‘गावठी हातभट्टी उद्ध्वस्त, इतके लिटर रसायन नष्ट.’ इंग्रजांनी 1892 मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आणला. कारण सरळ होतं, घरची दारू असली की ठेक्याची कोण घेणार? स्वतंत्र भारतात 1949चा दारूबंदी कायदा आला आणि भट्टी गुन्हाच राहिली. गोव्याने मात्र काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेश मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरतोय. आमच्या सातपुड्यात ती अजून पोलीस पंचनाम्यातच सापडते.

‘दारूनेच आदिवासी बुडाले’ हे कुणी मला शिकवू नये. तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी 1930च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली होती. तो आमच्या माणसांनी स्वतः घेतलेला निर्णय होता, आणि आजही कितीतरी घरं तो पाळतात. मला त्यांचा आदर आहे. पण सोडायची की ठेवायची, हे त्यांनी ठरवणं वेगळं, आणि लायसन्सवाल्या पबात बसून आपण ठरवणं वेगळं.

पबात एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “पण यार, मोहाला वास येतो.” स्टाउटला जळक्या जवाचा येतो, त्याचे हा माणूस आठशे रुपये मोजत होता.